त्याच्या डावातल्या माझ्या उड्या

भोरच्या एसटी स्टँडसमोरून आत जाणाऱ्या बोळात व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. अर्धं शटर खाली ओढलेलं, आत मशिनांची एक ओळ, आणि अगदी कोपऱ्यात मैदानी खेळांचा गेम. शंभर मीटर धावणं, लांब उडी, भालाफेक, अडथळ्यांची शर्यत, हातोडाफेक आणि शेवटी उंच उडी. पडद्यावर लाल बनियन घातलेला एक छोटासा माणूस असायचा. त्याला पळवायला दोन बटणं. ती एकाआड एक जितक्या वेगानं दाबाल तितका तो पळणार. तिसरं बटण उडीचं. ते नुसतं दाबून चालायचं नाही. धरून ठेवायचं, आणि बरोबर वेळ आली की सोडायचं. धरण्यावरून उडीचा कोन ठरायचा. प्रत्येक खेळात किमान एवढं अंतर कापलंच पाहिजे असं बंधन असे. तिथं कमी पडलं की डाव संपला.

हा गेम भोरमध्ये कुणी एकटा खेळत नसे. इतर ठिकाणी लोक कसे खेळत मला माहीत नाही. आमच्याकडे पळवायलाच दोन्ही हात लागायचे, म्हणून उडीच्या बटणावर दुसरा माणूस उभा राहायचा. पहिल्याला सगळे पळव्या म्हणत, दुसऱ्याला उडव्या. पण पडद्यावर नाव एकाचंच लागायचं. ज्याचा डाव त्याचं, उडव्याचं नाही. तो दुकानाचा नियम होता आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, कारण पुढच्या डावात दोघं जागा बदलत किंवा नाव बदलत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. घर पासलीच्या वरच्या अंगाला, वेल्हे तालुक्याच्या टोकाला. तिथून सकाळी निघालेली एसटी धरून, वेल्ह्याला उतरून, मग नसरापूरला गाडी बदलून भोरला पोचेपर्यंत आमचे निम्मे तास संपलेले असत. म्हणून मी भोरला आईच्या मावसबहिणीकडे राहत होतो.

माझा मित्र नसरापूरचा. त्याच्या वडिलांचं हायवेजवळ खताचं दुकान. तो रोज सकाळी जीपनं यायचा आणि वर्गात माझ्या शेजारी बसायचा. आमची ओळख मात्र वर्गात झाली नाही, या दुकानात झाली. मी त्याच्या मागं उभा राहून बघत होतो. लांब उडीत त्याचा माणूस सारखा पट्टी ओलांडून बाद होत होता. माझ्या तोंडून नकळत निघून गेलं, “आता!”

तो वळला. “लई कळतंय रं तुला? ये, तूच दाब.”

मी दाबलं. माणूस वाळूत पार पुढं जाऊन पडला. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणत, ते गल्ल्यावरून ओरडले, “आरं, ह्यो कोण डोंगरातला वांडर आलाय? उडी बघा त्याची!”

सगळे हसले. मीही हसलो. भोरमध्ये माझ्यावर पहिल्यांदाच कुणीतरी आपुलकीनं हसत होतं.

त्या दिवसापासून आमची जोडी झाली. तो पळव्या, मी उडव्या. गणपतीत तो ताशा वाजवायचा, त्यामुळे त्याच्या बोटांत तर्री होती. तर्री म्हणजे ताशावरचे इतके जलद ठोके की ते वेगळे ऐकू येत नाहीत, एकच सलग आवाज येतो. बटणांवर तो तशीच तर्री धरायचा. माझ्याकडे वेग नव्हता. पण बटण कधी सोडायचं ते मला कळायचं. कसं, ते सांगता येत नाही. भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या की आम्ही पोरं बांधावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकायचो. खडा कधी सोडायचा ते तिथं हाताला कळतं, डोक्याला कळायच्या आधी. तसंच काहीतरी असेल. मी पडद्याकडे कमी बघायचो. त्याच्या बोटांचा आवाज ऐकायचो. आवाज एका ठरावीक जागी आला की बटण सोडायचं. पुढं पुढं तर डोळे मिटूनही मला उडी मारता आली असती असं वाटतं.

एकदा मी त्याला म्हणालो, “आपली ही सावडच झाली.”

“सावड म्हंजी?”

मला नवल वाटलं. नसरापूरला मजूर लावतात, त्यांना सावड कुठून ठाऊक असणार. मी सांगितलं की आमच्याकडे भातलावणीला कुणी मजूर लावत नाही. आज सगळ्यांनी एकाच्या खाचरात उतरायचं, उद्या दुसऱ्याच्या. कुणी कुणाला किती दिलं याची नोंद कुणी ठेवत नाही, पण राहिलेली सावड फेडायला माणूस तापात असला तरी येतो.

“भारीये की,” तो म्हणाला. “मग आपली सावड. आज माझा डाव, उद्या तुझा.”

त्यानंतर तो शब्द त्याच्या तोंडी बसला. वर्गातसुद्धा वही मागताना म्हणायचा, “दे की, सावड हाय.” मला ते फार आवडायचं. माझ्या गावचा एक शब्द नसरापूरच्या पोरानं घेतला होता.

दसऱ्याच्या आधी मावशीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. ती चुलीकडे तोंड करूनच बोलली.

“बाळा, राग मानू नगंस. आमची ताई सासरवरनं दिवाळीला येतीय बाळंतपणाला. दोन खोल्यांत बाळंतीण, तिचं लेकरू, येणारं-जाणारं. तुला कुठं झोपवू?”

मी म्हणालो, “न्हाई मावशी, राग कशाचा.”

“तुझ्या आईला काय सांगू म्या?”

“म्या सांगतो. तुमी काळजी करू नका.”

वसतिगृहातल्या जागा जूनमध्येच भरल्या होत्या. भाड्यानं खोली घेणं आमच्या घराला शक्य नव्हतं, आणि ते मी वडिलांना विचारणारही नव्हतो. म्हणजे दिवाळीनंतर कॉलेज नाही, हे मला त्याच संध्याकाळी कळून चुकलं. मी हे फक्त मित्राला सांगितलं. आम्ही नदीच्या घाटावर बसलो होतो. तो जवळ सरकला. मग पाठीवर हात ठेवून म्हणाला, “काहीतरी व्हईल. म्या हाय ना.”

आणि खरंच काहीतरी झालं. चाचांच्या दुकानावर एक माळा होता. आधी त्यांचा भाचा तिथं राहायचा, तो पुण्याला कामाला गेला. चाचांना सकाळी दुकान उघडून झाडून ठेवायला आणि वर राहायला कुणीतरी भरवशाचं पाहिजे होतं. विचारायला इतकी पोरं आली की चाचा वैतागले. एक दिवस त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, “माझ्या डोक्याला ताप नको. दसऱ्यानंतरच्या रविवारी कोपऱ्यातल्या मशिनवर स्पर्धा. प्रत्येकाचा एकच डाव. उडव्या संग आणा नायतर एकटं खेळा. ज्याचे गुण जास्ती, त्याला माळा. दहावी-बारावीवाल्यांनी यायचं न्हाई, मास्तर मलाच शिव्या देतील.”

कुणीतरी म्हणालं, “चाचा, माळ्यावर उंदरं हायेत म्हणं?”

“हायेत की. त्यांचं भाडं घेत न्हाई, तुझं बी घेणार न्हाई.”

मित्र माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. बाहेर आल्याबरोबर त्यानं माझा दंड धरला. “झालं तुझं काम. दोन डाव हायेत आपल्याकडं. एक माझ्या नावावर, एक तुझ्या. कुठलाबी जिंकू दे, माळा तुझा. मला काय करायचाय? माझं घर हाय.”

“नक्की?”

“सावड हाय का न्हाई आपली?”

मग कुणाचा डाव आधी, हा प्रश्न आला. तो म्हणाला, “तू घे आधी. गरज तुला हाय.” मी नको म्हणालो. आमच्याकडे रीत अशी की ज्याला गरज असते त्यानं आधी दुसऱ्याच्या खाचरात उतरायचं. आपलं रोप पिवळं पडत चाललेलं असलं तरी आधी शेजाऱ्याचं लावून द्यायचं. मग त्याला यावंच लागतं. मी लहानपणापासून वडिलांना असंच करताना पाहिलं होतं, आणि शेजारी आला नाही असं एकदाही झालं नव्हतं. मी म्हणालो, “आधी तुझा डाव. मग माझा.”

हे मी चांगुलपणानं केलं नाही. मला वाटलं होतं की असं केल्यानं माझं काम पक्कं होतं.

रविवारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. आमच्या आधी बरेच जण खेळले. कुणी भालाफेकीत अडकलं, कुणी अडथळ्यांत. एक जण एकटाच खेळायला उभा राहिला आणि लांब उडीतच बाद झाला, तेव्हा मागून आवाज आला, “आरं, लगीन कर की, उडव्या मिळंल!”

मग मित्राचा डाव आला. तो बाह्या वर सारून उभा राहिला, मी त्याच्या उजव्या हाताला. त्यानं तर्री धरली आणि दुकान शांत झालं. शंभर मीटर सरळ पार पडलं. लांब उडीला मी तो आवाज ऐकला, बटण धरलं, सोडलं. लाल बनियनवाला वाळूच्या पलीकडच्या टोकाला. भाला गेला तो पडद्याबाहेर. अडथळे, हातोडा. उंच उडीत आडवी पट्टी वर वर चढत गेली आणि प्रत्येक वेळी मी त्याला तिच्यावरून काढला. असा डाव आम्ही त्याआधी कधी खेळलो नव्हतो. चाचा गल्ला सोडून मागं येऊन उभे राहिले होते. डाव संपला तेव्हा लोकांनी मित्राला उचललं. तो घामानं निथळत होता. मला वाटलं, आता काळजी नाही, आणि तरीही माझा डाव आहेच.

मध्ये आणखी दोघं-तिघं खेळले. मग चाचांनी मला बोलावलं.

मित्र बटणांशी उभा राहिला. यावेळी पडद्यावर माझा डाव होता. घंटा झाली आणि त्यानं सुरुवात केली. तर्री होती, पण तिच्यात फट होती. दर थोड्या वेळानं एक ठोका गळायचा. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. बोटं तशीच वेगात हलत होती, खांदे तसेच उडत होते, कपाळावर तसाच घाम. शंभर मीटर कसंबसं पार पडलं.

“दमलास का?” मी हळूच विचारलं.

“न्हाई. खेळ तू.” त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

लांब उडी. मी ती ओळखीची जागा ऐकायला कान दिला, पण ती आलीच नाही. पट्टी जवळ आली तेव्हा नाइलाजानं बटण सोडलं. कोन बरोबर होता, ते मला आजही ठाऊक आहे. माणूस नीट उडाला आणि अलीकडेच पडला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी उशीर करून बघितला, तर पायच पट्टीच्या पुढं पडला. डाव संपला.

“वांडराला आज काय झालं रं?” कुणीतरी म्हणालं. “झाड बदललं वाटतं.”

पुन्हा सगळे हसले.

तरीही, खरं सांगतो, त्या क्षणी मला राग आला नव्हता. मी माझ्या मनाची समजूत घातली. पहिल्या डावात त्यानं सगळा जीव लावला होता, बोटं भरून आली असतील. किंवा त्याला वाटलं असेल की पहिला डाव तर आपण जिंकलोच आहोत, आता कशाला. शेवटी माळा मलाच मिळणार होता.

उरलेले डाव झाले. चाचांनी मित्राला पुढं बोलावून नारळ दिला आणि विचारलं, “बोल, कधी येतोस राहायला? का घरी आईला इचारायचंय?”

मी पुढं सरकलो होतो. आता तो माझ्याकडे वळून सांगेल म्हणून मी थोडं हसूनही घेतलं होतं.

तो म्हणाला, “इचारलंय चाचा. दिवाळी झाली की येतो.”

विचारलंय. म्हणजे स्पर्धेच्या आधीच त्यानं घरी विचारून ठेवलं होतं. कदाचित ज्या संध्याकाळी बाहेर येऊन त्यानं माझा दंड धरला, त्याच संध्याकाळी.

मी गर्दीतून बाहेर पडलो. तो जीप धरायला स्टँडवर येणार हे माहीत होतं, म्हणून तिथंच थांबलो. मला पाहून त्याची चाल मंदावली, पण तो आला.

“तुझ्या तर्रीत फट होती,” मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

“बोटं दुखत हुती.”

“तुझ्या डावाला न्हाई दुखली.”

तो नारळ या हातातून त्या हातात करत राहिला. मग एकदम चिडून म्हणाला, “तुला काय म्हायतीये माझ्या घरचं? कॉलेजातनं गेलो की दुकानात बसीवत्यात. रातीपतोर खताची पोती. एक पान वाचायला गावत न्हाई. तू हुशार हायस. तुला सरबी मानत्यात. तुझं कुठंबी जमंल.”

“मग तसं सांगायचं हुतं.”

“सांगितलं असतं तर तू माझ्या डावात उड्या मारल्या असत्यास का?”

जीप भरली होती. क्लीनर ओरडत होता. तो चढला आणि मागच्या फळीवर बसला, नारळ मांडीवर घेऊन. मी त्या प्रश्नावर अजूनही विचार करतो. मला वाटतं मी मारल्या असत्या. पण ते त्याला पटलं नसतं, आणि आता माझी मलाही खात्री देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेलो. जायला नको होतं असं आता वाटतं. मी अडखळत सांगितलं की पळवताना त्यानं मुद्दाम हळू केलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते.

“कशावरनं?”

“आवाजावरनं.”

त्यांनी गल्ल्याचा खण बंद केला. “पोरा, डाव तुझ्या नावावर हुता. बटण तुझ्या हातात हुतं. उडी कमी पडली ती सगळ्यांनी बघितली. आवाज कुणी बघितला?” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “जिगरी हायसा तुमी. असं बोलू नगंस. त्याच्या कानावर गेलं तर त्याला वाईट वाटंल.”

वर्गात आम्ही शेजारीच बसत राहिलो. जागा बदलली असती तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं. दिवाळीच्या सुट्टीला निघायच्या आदल्या दिवशी, तास चालू असताना, पुस्तकावरची नजर न काढता तो म्हणाला, “माळ्यावर दोघं मावतील. चाचांना इचारलंय म्या.”

मी वहीत लिहीत राहिलो. घरी गेलो. भातकापणी चालू होती. वडिलांनी कापता कापता विचारलं, “मावशीकडनं निघायचंय म्हणं? मग ऱ्हायचं कुठं?” आई विळा थांबवून माझ्याकडे बघायला लागली. दोघंही माझ्या उत्तराची वाट बघत होते, आणि त्या दोघांच्या मागं कापायचं राहिलेलं खाचर होतं. मी जर राहायला जागा नाही म्हणालो असतो, तर मला दुसऱ्या दिवसापासून तिथंच उतरायचं होतं. त्यांनी मला काही म्हटलं नसतं. उलट हाताशी माणूस आला म्हणून बरंही वाटलं असतं.

“मित्राकडं,” मी म्हणालो. “त्याला माळा मिळालाय. त्यानं बोलावलंय.”

“चांगला पोरगा दिसतोय,” वडील म्हणाले आणि पुन्हा वाकले.

असा मी त्या माळ्यावर गेलो. खिडकीकडची बाजू त्याची, जिन्याकडची माझी. सकाळी दुकान मी झाडायचो. ते कुणी सांगितलं नव्हतं, तसं पडत गेलं. बाहेर जाताना किल्ली त्याच्याकडून मागून घ्यायची. चाचा काही सांगायचं झालं तर त्याला सांगत, मला नाही. त्याच्याशी मी सगळं बोलायचो, अभ्यासाचं, जेवणाचं, पाण्याचं. तो माझ्याशी जपूनच वागायचा. कधी कधी आपल्या डब्यातलं अर्धं न विचारता माझ्या ताटात घालायचा. खाली कोपऱ्यातलं मशीन चालू असायचं आणि कुणाच्या ना कुणाच्या बोटांचा आवाज फळ्यांमधून वर यायचा. आम्ही दोघंही तो ऐकायचो. “चल, एक डाव खेळू,” असं त्यानं एकदाच म्हटलं. मी म्हणालो, अभ्यास आहे. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

संक्रांतीला त्याची आई नसरापूरहून आली. गुळाच्या पोळ्या आणि तिळगूळ घेऊन जिना चढताना तिला धाप लागली होती. वर येऊन तिनं सगळीकडे बघितलं. खिडकीकडची गादी, जिन्याकडची सतरंजी, दोघांची पुस्तकं. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

“पासलीकडचा ना तू? सांगितलंय यानं समदं. मावशीनं घराबाहेर काढलं म्हणं तुला.”

“न्हाई काकू, तसं न्हाई. त्यांच्याकडं बाळंतपण हुतं.”

“आसंल. पर माझ्या लेकाचं काळीज बघ. सोता जिंकलेली जागा, एकट्यानं ऱ्हायची सोडून तुला थारा दिला. आजकाल सख्खा भाऊ देत न्हाई. इसरू नगंस त्याला कदी.”

तो कोपऱ्यात स्टोव्हला पंप मारत होता. त्याचा हात थांबला. मी बघत राहिलो, तो काही बोलतो का. त्याला एवढंच म्हणायचं होतं की आई, राहू दे. तेवढं जरी म्हणाला असता तरी पुष्कळ होतं. त्यानं काडी ओढली, बर्नरला लावली आणि वर ठेवायला पातेलं शोधू लागला.

“न्हाई इसरणार, काकू,” मी म्हणालो.

तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी तो घेतला आणि वाकून तिच्या पाया पडलो.